बोटीवरून उतरवलेला माणूस

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी भाटवेळच्या खाडीच्या तोंडाशी एक अनोळखी बोट नांगर टाकून उभी असलेली दिसली. लाकडी, लांबट, नाकाशी उंच. आपल्याकडच्या बांधणीची नव्हे. वर तीस-पस्तीस माणसं होती. त्यांत बायका होत्या, मुलं होती. इंजिन बंद होतं.

मी आठच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचले. तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या द्यायचे. भाटवेळ हे गावाचं खरं नाव नाही. या हकिगतीतलं कुठलंच नाव खरं नाही. कारण शेवटी कळेल.

जाळी विणायच्या शेडखाली निम्मा गाव जमला होता. मध्ये भाई कुबल उभे होते. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आणि गावच्या सुरक्षा दलाचे प्रमुख. मुंबईवरचा हल्ला समुद्रातून आला, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत अशी दलं उभी राहिली. भाईंच्या गळ्यात दलाची शिट्टी होती.

"नाबरताई, उशीर केल्यात," भाई म्हणाले. "पेपरवाले बोट बुडल्यारच येतत."

"कोण आहेत?"

"लढाई चालू आसा थयली माणसा. पाणी संपलाहा, इंजिन मेलाहा. दिगूक वर धाडलंय."

दिगू मोरजे गावचा इंजिन मेकॅनिक. वादळात फुटलेल्या बोटींची बातमी करताना मी त्याला दोनदा भेटले होते. पस्तिशीच्या आतला, सडसडीत, सतत काहीतरी चघळणारा. भाईंनी आपल्याच होडीतून त्याला पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी देऊन त्या बोटीवर सोडलं होतं आणि होडी परत बोलावली होती. सांगणं एवढंच होतं: इंजिन करून दे आणि वाटेला लाव.

त्याची बायको शैला घोटाभर पाण्यात उभी होती. डोळ्यांवर हात धरून बोटीकडे बघत होती.

नऊ वाजता निरीक्षक गव्हाणे आले. देशावरचे. या किनाऱ्यावर नुकतेच रुजू झाले होते आणि समुद्राकडे बघताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे. त्यांनी दुर्बीण लावली, खाली घेतली.

"त्या बोटीवर आपला माणूस कोणी चढवला?"

"मी," भाई म्हणाले.

"कोणाच्या परवानगीनं?"

"पोरा रडत होती, सायबानू. आमका हय आयकाक येत होता. परवानगी घेवक थांबलंव असतंव, तर तुमी आत्ता इल्यात."

मागून कोणीतरी हसलं. गव्हाणे हसले नाहीत. "त्याला खाली घ्या. वरून निर्णय येईपर्यंत त्या बोटीवरून कोणी उतरायचं नाही आणि बोटीवर कोणी जायचं नाही. तुमचा माणूस तेवढा आत्ताच्या आत्ता परत आणा."

"तो येवचो नाय."

"का?"

"इंजिन उघडल्यान ना. आमच्याकडे दुसऱ्याचा इंजिन समुद्रात उघडलेलो माणूस ता चालू केल्याशिवाय उतरणा नाय. अर्धवट सोडून इलो तर उद्या तेका कोण आपल्या बोटीर घेतलो?"

"आणि नाहीच चालू झालं तर?"

"तर थयच जेवता."

आता सगळेच हसले. गव्हाण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "इथली पद्धत आहे, साहेब. मीही ऐकलंय." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फोन लावायला बाजूला गेले. ते पुढचे सहा-सात तास बहुतेक फोनवरच होते. ते तालुक्याला विचारत, तालुका जिल्ह्याला, जिल्हा आणखी वर.

ऊन चढलं. बोटीवरून कोणीतरी लहान मुलाला उंच धरून दाखवत होतं. थोड्या वेळाने दुसऱ्याला. शेडखाली बोलणं सुरू झालं होतं, आणि बोलणारे दोघंच होते. भाई आणि शैला. बाकीचे ऐकत होते.

"आज पस्तीस," भाई म्हणाले. "हेंका हय उतरवन घेतलंव की थयसर फोन जातलो. भाटवेळाक जावा, थय घेतत. मगे तीनशे येतले. आमच्याच पोरांका मासो गावना नाय. बाहेरचे ट्रॉलर येवन सगळा ओरबाडून नेतत. तेंका खय ठेवतलंस? तुझ्या खळ्यात?"

"माझ्या खळ्यात दहा ऱ्हवतले," शैला म्हणाली. "तुमच्या माडीर इस."

"मस्करी करू नको गो."

"मी खय मस्करी करतंय? तुमचो सतीश कुवेताक आसा ना? तेका तेंनी ठेवन घेतल्यानी काय नाय?"

"तो विसा काढून गेलो."

"लढाईत विसाची खिडकी उघडी ऱ्हवता काय, भाई?"

भाईंनी शिट्टी हातात घेतली आणि सोडली. "शैला, तेच्यात कोण आसा म्हायत आसा काय तुका? बायका-पोरा पुढे, आणि मागे कोण? बोटीतनाच इले होते ना ते मुंबईक? उद्या काय झाला तर पयलो माका विचारतले. भाई कुबल, तू खय होतस? माका गाव सांभाळूचा आसा."

"मगे तेंनी जावचा खय?"

"ता माका विचारू नको."

शैला पुन्हा पाण्याच्या कडेला गेली. भाईंना मी विचारलं, हे छापू का. "छापा," ते म्हणाले. "नावासकट छापा. मी काय चोरून बोलणंय नाय."

बारा वाजून गेल्यावर बोटीच्या मागच्या अंगाला काळ्या धुराचा एक गोळा उठला. थोडा वेळ हवेत राहिला, मग विरला. नंतर काही नाही.

"काय झालं?" गव्हाण्यांनी फोन कानापासून दूर धरून विचारलं.

"चूल पेटवल्यानी असतली," शैला म्हणाली.

गव्हाणे परत फोनकडे वळले. मी आजूबाजूला पाहिलं. शेडखालचे सगळे एकदम आपापल्या कामाला लागले होते. एक म्हातारा जाळ्यातला गुंता सोडवायला बसला, ज्या जाळ्यात गुंताच नव्हता. मला इंजिनातलं काही कळत नाही, तरी कळलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला कळलं. इंजिन चालू झालं होतं, आणि दिगूने ते पुन्हा बंद केलं होतं.

पाचच मिनिटांत शैलाचा फोन वाजला. गव्हाण्यांनी हात पुढे केला. तिने स्पीकर लावला.

"साहेब, मोरजे बोलतोय," दिगू म्हणाला. परक्या माणसाशी तो शाळेतलं मराठी बोलायचा. "आज काय होईलसं वाटत नाय. डिझेलात पाणी गेलंय."

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाय. उद्यापर्यंत. मुलांना उतरवून घेतलंत तर बरं होईल."

"ते माझ्या हातात नाही."

"मग इंजिन पण माझ्या हातात नाय, साहेब."

फोन बंद झाला. शैलाने तो पदरात गुंडाळला. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. इंजिन बंद आहे तोवर बोट कुठे जाऊ शकत नव्हती. बोट जात नाही तोवर कोणीतरी काहीतरी ठरवायला भाग होतं. त्याने एवढंच केलं होतं.

चार वाजता आदेश आला. गव्हाण्यांनी तो मला वाचून दाखवला नाही, तोंडी सांगितला: पाणी, धान्य, डिझेल द्यावं, इंजिन दुरुस्त होत असल्यास बोट हद्दीबाहेर जाईल असं पाहावं. कोणालाही उतरवू नये.

"आणि दुरुस्त होत नसल्यास?" मी विचारलं.

"तर उद्या मोठं जहाज येऊन ओढत नेईल. आणि तुमचा तो मोरजे चौकशीसाठी त्यांच्यासोबतच जाईल. बेकायदा प्रवेशाला मदत. कलम लागतं." ते थांबले. "तुम्ही विचारायच्या आत सांगतो, माझं मत छापू नका. माझं मत वरून कोणी विचारत नाही."

हे बोलणं भाईंच्या आणि शैलाच्या समोर झालं. भाई दोन पावलं पुढे आले.

"सायबानू, इंजिन चालू आसा."

"भाई!" शैला ओरडली.

"दुपारी धूर इलो ना, तो इंजिनाचो. एकदा चालू केल्यान आणि तेनाच बंद केल्यान. तेका सांगा, चालू कर आणि उतर."

"तुमका काय गरज होती? कोणी विचारल्यान तुमका?"

"तुझो घोव परत येवक होयो काय नको?" भाईही ओरडले. "मीच धाडलंय ना तेका! उद्या तेका बेड्या घालून नेल्यानी तर तुझ्यासमोर उभो कसो ऱ्हवतलंय मी?"

गव्हाण्यांनी तिच्याच फोनवरून नंबर लावला.

"मोरजे, इंजिन चालू आहे असं इथं कळलंय."

पलीकडे लाटांचा आवाज. मग: "चालू आहे साहेब. पण टिकायचं नाय. दर अर्ध्या तासानं फिल्टर खोलून हवा काढावी लागते. त्यांचा इंजिनवाला एकच, आणि त्याचा हात भाजलाय कोपरापर्यंत. तापात आहे. तो हात लावू शकत नाय, दुसऱ्या कोणाला येत नाय."

"दुसऱ्याला शिकवा."

"दोन तासात?"

"मोरजे, आदेश आहे. डिझेल, तांदूळ घेऊन आमची स्पीडबोट निघतेय. तुम्ही इंजिन चालू करा, बोट खाडीबाहेरच्या टोकापलीकडे काढून द्या. तिथं आमची माणसं तुम्हाला उतरवून घेतील. तुमच्यावर काही येणार नाही, मी शब्द देतो."

"बरं साहेब. शैलाक द्या."

तिने फोन घेतला. स्पीकर तसाच चालू होता.

"शैला."

"बोला."

"जेवाण आसा मा घरात?"

"आसा. कित्याक?"

"आधी जेवूक वाढ. मगे काय ता विचार. आयकलंस? आधी जेवूक."

"दिवसभर उपाशी ऱ्हवलास? आणि माकाच सांगतास!" ती म्हणाली. फोन कटला होता.

साडेपाचला इंजिन सुरू झालं. धूर आला, टिकला, आणि ठक-ठक असा आवाज पाण्यावरून किनाऱ्यापर्यंत आला. शेडखालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टी मारली. टाळ्या दिगूसाठी होत्या, त्याच्या हातासाठी. पण बोटीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात हलवले. मुलांना उचलून त्यांचे हात हलवले. त्यांना वाटलं असावं, आपल्याला आत बोलावतायत.

मग बोटीने नाक फिरवलं. समुद्राकडे. ते हात वरच राहिले होते. एकेक करून खाली आले.

टाळ्या केव्हा थांबल्या, मला सांगता येणार नाही. स्पीडबोट बोटीमागे गेली. दोन्ही टोकापलीकडे गेल्या, तिथे काळा खडक आडवा येतो, पुढचं दिसत नाही.

आम्ही जेटीवर गेलो. मी, शैला, भाई, आणखी बरेच लोक. गव्हाणे त्यांच्या गाडीपाशी वायरलेस घेऊन उभे होते. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. माणसाचा चेहरा ओळखता येईल एवढा. शैलाने घरी जाऊन साडी बदलली होती. भाईंनी कोणाला तरी सोडा आणायला पाठवलं.

वायरलेस खरखरला. "मोरजेला घेतलं. परत येतोय."

"हां," भाई म्हणाले आणि मोठा श्वास सोडला. "झाला. सुटलो."

स्पीडबोट जेटीला लागली. पुढे दोन शिपाई होते, मागे केशरी जाकीट घातलेला एक माणूस बसला होता. शिपायाने त्याच्या अंगातलं जाकीट काढून घेतलं, हात धरून त्याला पायरीवर चढवलं. अंगात गावच्या क्रिकेट संघाची निळी जर्सी होती. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत दिगू आणि खाली नंबर. डाव्या हाताला मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत ओला टॉवेल गुंडाळलेला होता. मान खाली.

वर आला आणि त्याने मान वर केली.

तो दिगू नव्हता.

विशीतला मुलगा होता. दिगूच्याच अंगलटीचा, दिगूसारखाच काळा. ओठ फुटलेले, डोळे तापाने लाल. मी त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. जेटीवर कोणीच पाहिलं नव्हतं.

मी शैलाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. तिने समुद्राकडे पाहिलं, टोकाकडे, जिथे आता काही नव्हतं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तिचा हात हवेत काहीतरी धरायला गेला आणि तसाच राहिला.

गव्हाण्यांनी दिगूला कधी पाहिलं नव्हतं. शिपायांनीही नाही.

"बाई," गव्हाणे म्हणाले, "हेच ना तुमचे मिस्टर?"

पाणी जेटीच्या खांबांना लागत होतं.

"बाई?"

गव्हाणे भाईंकडे वळले. "भाई, तुम्ही दलप्रमुख. ओळख पटवा, म्हणजे मला मोकळं होता येईल."

भाई त्या मुलाकडे बघत होते. दिवसभर त्यांनी जे म्हटलं होतं, ते मी नावासकट लिहून घेतलं होतं.

"पाठीर नाव लिवलेला आसा," भाई शेवटी म्हणाले. "तुमका वाचूक येता मा?"

गव्हाण्यांनी मुलाला खांद्याला धरून फिरवलं, नाव वाचलं, पुन्हा सरळ केलं. मग त्यांची नजर टॉवेलवर गेली.

"हाताला काय झालं?"

"इंजिनवर भाजला, साहेब," शिपाई म्हणाला. "तोंडानं बोलत नाही काही. घाबरलाय. खुणेनं सांगितलं."

इंजिनवाल्याचा हात कोपरापर्यंत भाजलाय, हे गव्हाण्यांनी स्वतः फोनवर ऐकलं होतं. ते त्या हाताकडे बघत राहिले. नंतर माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पेन होतं. मी ते हलवलं नाही.

तेवढ्यात शैला पुढे झाली.

"किती उशीर केलास!" ती म्हणाली. आवाज चिरका होता, भांडायला लागल्यासारखा. "सकाळपासना वाट बगतंय. जीव जावची पाळी इली माझी. पाणी तरी प्यालास काय नाय? चल. घराक चल." तिने त्याचा उजवा हात मनगटात पकडला आणि ओढला. तो ओढला गेला.

गव्हाणे बाजूला झाले. "डॉक्टरला दाखवा," ते म्हणाले. "लवकर दाखवा." आणि गाडीत बसले.

गर्दी दुभंगली. कोणी त्या मुलाला हात लावला नाही. सोडा आणायला गेलेला माणूस बाटल्या घेऊन आला, तो तसाच उभा राहिला.

मी त्यांच्या मागून घरी गेले. शैलाने दार लावलं, दिवा लावला, पाट ठेवला. पेज वाढली, बाजूला सुकटाची चटणी. मुलगा उजव्या हाताने जेवला, पाणी पितात तसा. ती समोर बसून बघत होती. मग उठली, मागच्या दारी गेली, आणि मला तिच्या उलटीचा आवाज आला. तोंड धुऊन परत आली.

"आणखी वाढू?" तिने त्याला विचारलं. त्याला कळलं नाही. तिने वाढलं.

तिने दिगूचा नंबर लावला. कव्हरेजच्या बाहेर. पुन्हा लावला. मग फोन मला दिला, जणू माझ्या हातून लागेल. मीही लावला.

साडेनऊला डेस्कवरून मला फोन आला. मी बातमी सांगितली: बोट सायंकाळी हद्दीबाहेरच्या दिशेने रवाना, बोटीवर गेलेल्या स्थानिक मेकॅनिकला उतरवून घेतल्याचे निरीक्षकांनी सांगितले.

"मेकॅनिकची प्रतिक्रिया घे ना," उपसंपादक म्हणाला. "चांगला बॉक्स होईल."

"तो बोलण्याच्या स्थितीत नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भाई शेडखाली एकटे बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "बोट घेवक नको, ह्या माझा म्हणणा होता. आजही ताच आसा. लिवलेला बदलू नकात." मग म्हणाले, "दिगूक मी धाडलंय."

खरं काय झालं ते कळायला पाच-सहा महिने गेले, तो मुलगा मालवणी बोलायला लागेपर्यंत. बोटीवर इंजिन येणारा तो एकटाच होता. तो राहिला असता तर हाताच्या जखमेने मेला असता, आणि तो मेला की इंजिन मेलं असतं, आणि मग सगळेच. दिगूने हे त्याला खुणांनी समजावलं होतं. स्पीडबोट दिसल्यावर अंगातली जर्सी काढली, त्याला घातली, त्याचा सदरा आपण घातला आणि खाली इंजिनापाशी जाऊन बसला. स्पीडबोटीतून "मोरजे, मोरजे" अशी हाक आली, तेव्हा मागच्यांनी या मुलाला पुढे ढकललं. "मिया जावक तयार नाय होतंय," तो मला म्हणाला. "माझी बहीण होती बोटीर."

ती बोट पुढे कुठे लागली, मला कळलं नाही. मी सगळीकडे विचारलं. हद्द ओलांडली, एवढंच उत्तर. दिगूबद्दल विचारणं शक्यच नव्हतं. सरकारच्या दृष्टीने दिगंबर मोरजे त्याच संध्याकाळी सुखरूप परत आला होता. शैला नवरा हरवल्याची तक्रार देऊ शकत नव्हती. दिली असती, तर पहिला प्रश्न आला असता: मग घरात आहे तो कोण?

सात वर्षं झाली. तो मुलगा पडवीत झोपतो. इंजिनं उघडतो, चालू करूनच उतरतो. गावातले त्याला दिगू म्हणत नाहीत, दुसरंही काही म्हणत नाहीत. "ए" म्हणून हाक मारतात. भाई गेल्या वर्षी वारले. गव्हाण्यांची बदली कधीच झाली. शैलाबद्दल लोक बोलायचं ते बोलले. ती माझ्याजवळ एकदाच म्हणाली, "ताई, एकाक धुंडूक गेलंय तर दुसऱ्याक पकडून देवचो लागता. मी काय करू?"

गेल्या गुरुवारी तिच्याकडे पोलीस ठाण्यातून शिपाई आला. परदेशातल्या एका बंदराजवळ बोटीने आलेल्या, कागद नसलेल्या लोकांची छावणी आहे. तिथला एक माणूस आपण भाटवेळचे दिगंबर मोरजे असल्याचं सांगतोय. तिथल्या लोकांचा त्याच्यावर विश्वास नाही. त्यांनी इथे विचारणा केली, आणि इथे नोंद सापडली की दिगंबर मोरजे सात वर्षांपूर्वीच घरी पोचला आहे. शिपायाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. दाढी वाढलेला, गाल बसलेला माणूस.

"ओळखता का, मावशी?"

"माका चष्म्याशिवाय दिसणा नाय," शैला म्हणाली. ती चष्मा वापरत नाही.

शिपाई गेल्यावर तिने मला फोन केला. मी विचारलं, "तोच आहे का?" "दाढी वाढल्याहा," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. काल तिने सांगितलं, मुलगा म्हणतो, मी जातो, मी खरं सांगतो, आणि तिने त्याला घराबाहेर पडायला बंदी केली आहे.

तिला नोटीस आली आहे. ती तिने मला फोनवर वाचून दाखवली. सोमवारी सकाळी अकरा वाजता पतीसह समक्ष हजर राहावे.

आज रविवार आहे.